आंधांची दंडार आणि शाळेचा तास

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना कळमनुरी तालुक्यात वारंगा फाटा लागतो आणि तेथून एक रस्ता हदगावमार्गे यवतमाळ-नागपूरकडे फुटतो. हिंगोलीसह नांदेड, परभणी, यवतमाळ या पट्ट्यात आंध ही अनुसूचित जमात राहते. कळमनुरीस एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. परंतु हिंगोली जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल प्रदेशांना ज्या यादीमुळे विशेष संरक्षण मिळते त्या यादीत, येत नाही. आदिवासी ज्ञानाला शालेय शिक्षणात स्थान देण्याची चर्चा होते तेव्हा गडचिरोली, नंदुरबार, पालघर ही नावे आठवतात आणि हा भाग मागे राहतो.

याला आणखी एक कारण आहे. गोंडी, कोलामी किंवा भिली बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याची अडचण भाषेमुळे निदान शिक्षकाच्या ध्यानात तरी येते. आंध मराठीच बोलतात, त्यामुळे या मुलांचे अनुभवविश्व पाठ्यपुस्तकाहून वेगळे असू शकते, ही गोष्ट सहज नजरेआड होते.

नृत्य, गाणे, वाद्य आणि सोंग यांचा मेळ असलेली दंडार ही या समाजाची लोककला आहे. शाळेत तिला जागा मिळते ती बहुधा स्नेहसंमेलनात किंवा 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी. कार्यक्रम आटोपला की ती पुन्हा शाळेबाहेर जाते. हे पुरेसे नाही, कारण शोभेपुरती आणलेली कला मुलाला घरच्या ज्ञानाची किंमत पटवून देत नाही. तीच दंडार मराठीच्या तासाला आली, जाणत्या दंडारकऱ्याने गाणे सांगितले, मुलांनी ते लिहून घेतले, ताल मोजला आणि त्यातल्या देवांची व स्थळांची नावे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारली, तर भाषा, गणित आणि इतिहास एकाच वेळी शिकून होतात.

विज्ञानालाही हे लागू पडते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी असते, पण वनस्पतिशास्त्रानुसार ती तीन पाने म्हणजे एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका, म्हणजे देठाशी जोडलेले त्याचे तीन भाग होत. फाल्गुनात झाडाची पाने झडून ते फुलते आणि मग नवी पालवी येते. पळसाची पत्रावळ टाचणाऱ्या आजीला कोणते पान कोवळे म्हणून फाटेल आणि कोणते जून म्हणून तडकेल हे हाताने कळते. ती पाने एकावर एक किती चढवायची, म्हणजे गोलाला फट राहणार नाही, हे तिच्या शेजारी बसून टाचताना शिकणे मुलाला वर्तुळाचे क्षेत्रफळ समजण्याची उत्तम पूर्वतयारी ठरते.

महाराष्ट्रात असा प्रयत्न जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम पुढे कोसबाडला नेले आणि तेथे वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. मुलाच्या दिनक्रमाला दोष न देता शाळेने आपला दिनक्रम बदलला, हे या प्रयोगाचे खरे मोठेपण. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या घोषणापत्रात आदिवासी समाजांना स्वतःच्या पद्धतीने शिकवण्याचा हक्क मान्य झाला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही आदिवासी ज्ञान निरनिराळ्या विषयांत गुंफण्यास सांगते.

घरचे ज्ञान वर्गात आणणे सर्वांत निकडीचे आहे ते आश्रमशाळांत, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळांत, कारण तेथील मुले वर्षाचा बहुतेक काळ घरापासून दूर असतात आणि ऐकून-पाहून शिकण्याचे त्यांचे वय आजी-आजोबांवाचून सरते. तेथे वडीलधाऱ्यांना ठरावीक वारी वर्गावर बोलवावे, पाहुण्या शिक्षकाप्रमाणे त्यांना मानधन द्यावे आणि त्यांनी शिकवलेल्या गोष्टींवर परीक्षेतही प्रश्न असावेत.