राजसत्ता आणि प्रजासत्ताक

१५ ऑगस्टला झेंडावंदन होतं, २६ जानेवारीलाही होतं. मुलं गुरुजींना विचारतात, "स्वातंत्र्य एकदाच मिळालं, मग राष्ट्रीय सण दोन का?" प्रश्न रास्त आहे.

१९४७ साली कारभार आपल्या हाती आला खरा. पण कायद्याने देशाच्या शिरोभागी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हेच होते. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि त्या जागी राष्ट्रपती आले. डॉ. राजेंद्रप्रसाद त्या पदावर बसले ते कुणाचे वारस म्हणून नव्हे, तर घटना समितीनं त्यांना निवडलं म्हणून. मूळ फरक हाच. राजाचं पद बहुधा जन्मानं मिळतं. राष्ट्रपतीचं पद निवडणुकीनं मिळतं आणि आपल्याकडे त्याची मुदत पाच वर्षांची असते.

मग राजा असला की जुलूम, आणि राजा नसला की लोकांचं राज्य, असं समजायचं का? तसं नाही. इंग्लंडात आजही राजा आहे, पण राज्य चालवतं ते पार्लमेंटला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ. उलट जर्मनीत १९१८ साली सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं. आणि तिथंच १९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता गेली व हुकूमशाही सुरू झाली.

आपल्या सातारकडचं उदाहरण घ्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्यानं रयतेला घटना दिली, गावचा कारभार पंचायतींकडे सोपवला. गोष्ट मोठ्या मनाची खरीच. पण तिथं राजानं दिलं म्हणून रयतेला मिळालं. ज्या संस्थानचा राजा देत नव्हता, तिथल्या रयतेनं काय करायचं? प्रजासत्ताकात हक्क कुणा एकाच्या मर्जीवर ठेवलेला नसतो. तो घटनेत लिहिलेला असतो.

मात्र लिहिलेला हक्क वापरावा लागतो. राजा चांगला निघाला तर नशीब, वाईट निघाला तर भोग, असं म्हणून हात झटकायची सोय आता राहिली नाही. ग्रामसभेला माणसं येत नसतील, सरपंचाला हिशेब कुणी विचारत नसेल, बापामागून लेक ही रीत आपणच मतं देऊन चालवत असू, तर गादी गेली पण गादीपुढं वाकायची सवय राहिली, असंच म्हणावं लागेल. ती सवय कुठल्याही कायद्यानं जात नाही. ती आपली आपणच मोडायची.