चोक काढताच बंद पडणारे इंजिन

गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन चोकवर चालते आणि चोक काढताच बंद पडते, अशी तक्रार असल्यास दोष बहुधा प्लगचा नसून कार्बोरेटरचा असतो. चोक हवा रोखतो, त्यामुळे पेट्रोलची उणीव झाकली जाते इतकेच. महिनोन्‌महिने साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटचे सूक्ष्म छिद्र बुजवतो. टू-स्ट्रोक यंत्र तसेच रेटणे महागात पडते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेही अपुरे पोहोचते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. जुने पेट्रोल काढून जेट कार्बोरेटर क्लीनरने धुवावा. त्यात तार घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण छिद्र मोठे झाल्यास मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगची कॅप काढलेली असावी.