चारोळीची साल

मालेगावच्या एका मोहल्ल्यात पहाटे सहरीचा पुकारा होतो, त्याआधीच एका घरातल्या दादी जाग्या असतात. वय 72. स्तनाच्या कर्करोगाची केमोथेरपी संपून दोनच महिने झालेत. आयुष्यात रोजे सुटले ते आजारपणात, बाळंतपणात; तेही त्यांनी नंतर एकेक करून फेडले.

यंदा डॉक्टर रोज्याला नाही म्हणाले. मौलानांनीही तेच सांगितलं. सूरह बकराच्या 184व्या आयतीत आजारी माणसाला सवलत आहे. बरं झाल्यावर तेवढे रोजे कजा करावेत, आणि बरं होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं, म्हणजे फिदिया. दादींनी ते मान्य केलं. दुखणं दुसरंच होतं.

‘अम्मी, तुम्ही फक्त आराम करा,’ म्हणत घरच्यांनी त्यांच्या हातातलं सगळं काढून घेतलं. कांदे सून चिरणार, इफ्तारची फळं नाती कापणार. उरला पलंग, वर पंखा आणि भिंतीपलीकडचा यंत्रमागांचा खडखडाट. एके दिवशी असरच्या वेळी त्या सुनेला म्हणाल्या, ‘दुल्हन, रोजा अल्लाहने माफ केला. काम तुम्ही का माफ केलं?’

घरच्यांची माया खरी, भीतीही खोटी नाही. केमोनंतर बोटांची टोकं बधिर होतात, सुरी लागली तरी कळत नाही. पांढऱ्या पेशी कमी असतील तर गर्दी आणि बाहेरची कापलेली फळं टाळावीच लागतात. पण कर्करोगाचा थकवा साध्या थकव्यासारखा झोपून जात नाही. नुसतं पडून राहिल्याने स्नायू झिजतात, उतारवयात तर लवकर. म्हणून झेपेल तेवढं चालायला, हलकं काम करायला डॉक्टर आता सांगतात: अंगात जोर असेल ती वेळ धरायची, बसून करायचं, दमण्याआधी थांबायचं.

मग शीरखुर्म्याची वाटणी झाली. खारीक कापायचं सुनेकडे, चारोळी दादींकडे. गरम पाण्यात भिजवलेली चारोळी फडक्यात चोळली की साल सुटते, पातं लागत नाही. जोहरनंतर मांडीवर परात घेऊन अर्धा तास. पहिल्या दिवशी मूठभर झाली आणि त्या झोपून गेल्या. आता नात शेजारी येऊन बसते, जुन्या ईदच्या गोष्टी काढते, अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो. सून घड्याळ दाखवते.

इफ्तारची कोणती ताटली कोणाच्या घरी, हेही पुन्हा दादीच ठरवतात. तिखट कोणाला चालत नाही, कोणाकडे खाणारी तोंडं जास्त, सगळं त्यांना पाठ आहे. सुनेच्या हातून मागच्या आठवड्यात दोन घरं राहून गेली होती. ताटल्या मुलं नेतात, दादी दारापर्यंत चालत येतात.

पंधराव्या रोज्याला पाव किलो चारोळी सोलून झाली. दादींनी शेवया मोडायला मागितल्या. सून क्षणभर घुटमळली, मग पाकीट त्यांच्यासमोर ठेवून खारका घेऊन शेजारीच बसली.