आकाशातील अंतर आणि जमिनीवरील वेळ

ओझरचा विमानतळ पिंपळगाव बसवंतपासून सुमारे १५ किलोमीटरांवर आहे. नाशिककरांपेक्षा तो पिंपळगावकरांनाच अधिक जवळचा. १९६४ साली मिग विमानांच्या निर्मितीसाठी येथे हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा कारखाना उभारण्यास प्रारंभ झाला, त्याचीच ही धावपट्टी. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये येथून पुण्यास विमान सुरू झाले, तेव्हा पाच तासांची वाट तासाभरावर आली, असा हर्ष होणे साहजिकच होते. परंतु एअर डेक्कनची ती सेवा टिकली नाही आणि २०२० मध्ये त्या कंपनीची उड्डाणेच थांबली. असे का व्हावे, याचे उत्तर काही अंशी अंतराच्या गणितातच सापडते.

ओझर ते पुणे हे आकाशमार्गाचे अंतर सुमारे १७० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास त्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागू नये. तथापि प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. विमानतळावर तासभर आधी पोहोचावे लागते. तपासणी, उड्डाण, सामानाची प्रतीक्षा आणि लोहगावहून पुणे शहरात जाणे, हे सारे जमेस धरले की साडेतीन तास सहज होतात. पिंपळगावहून पुण्याला मोटारीने जाण्यास पाच-सहा तास लागतात. म्हणजे पिंपळगावकराचे दोन तास वाचतात. सिन्नरचा प्रवासी मात्र दक्षिणेस जाण्यासाठी आधी ४०-४५ किलोमीटर उत्तरेकडे येणार! तेवढ्या वेळात तो संगमनेर गाठतो. त्याच्या दृष्टीने विमानाचा वेग निरर्थकच ठरतो.

नागपूरचे उदाहरण याउलट आहे. ओझरहून नागपूर आकाशमार्गाने सुमारे ५४५ किलोमीटर, तर नाशिक रोडहून रेल्वेने सुमारे ६५०. विमानतळावरील खोळंबा दोन्हीकडे तेवढाच. परंतु येथे तो रात्रभराच्या प्रवासाशी तोलावयाचा असतो. पुण्याच्या विमानाने दोन तास वाचतात, नागपूरच्या विमानाने कामाचा अख्खा दिवस वाचू शकतो. अंतर जितके अधिक, तितका हा ठरावीक खोळंबा क्षुल्लक होत जातो, हे यातील साधे सूत्र.

हा केवळ हिशेबाचा खेळ नव्हे. ‘उडान’ योजनेत तासाभराच्या प्रवासासाठी विमानातील काही जागांचे भाडे प्रारंभी २५०० रुपयांपर्यंत मर्यादित केले होते आणि त्यामुळे कंपनीस येणारी तूट तीन वर्षांपर्यंत भरून देण्याची तरतूद होती. हा पैसा अखेर सार्वजनिकच. तो दीर्घ पल्ल्याच्या, अन्यथा गैरसोयीच्या मार्गांवर खर्च झाला तर त्याचे सार्थक होईल. नाशिक-पुणे या दोन औद्योगिक नगरांमध्ये आजही थेट रेल्वेमार्ग नाही. कल्याणचा वळसा घ्यावा लागतो. ही उणीव रोजच्या एखाद्या विमानाने, त्यातील सत्तरेक आसनांनी कशी भरून निघावी? पुण्यास शिकणारा विद्यार्थी वा कचेरीच्या कामासाठी जाणारा कारकून विमानाची नव्हे, रेल्वेचीच वाट पाहत आहे.

विमान असावे, पण जेथे त्याचा वेग प्रवाशाच्या पदरात पडतो तेथे. वेळापत्रकावरील तासापेक्षा घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचा तास मोजून मार्ग ठरविले जातील, तेव्हाच ओझरची धावपट्टी तिच्या शेजाऱ्यांच्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.