‘.टीआरएन’ फाइल उघडत नाही? कन्व्हर्टर शोधण्याआधी हे वाचा



मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे त्यांचं. म्हणाल्या, “सर, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. पेन ड्राइव्हवर रोजचा बॅकअप आहे, पण एकही फाइल उघडत नाही. गिऱ्हाइकांची सगळी उधारी त्यात आहे हो!”

पेन ड्राइव्हवर शंभराच्या आसपास फायली होत्या आणि सगळ्यांच्या नावापुढे ‘.टीआरएन’. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून आज हा विषय घेऊ.

ही फाइल म्हणजे नक्की काय?

बिलिंगची बरीच सॉफ्टवेअर आपली माहिती मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठेवतात. तिथे पूर्ण बॅकअपला सहसा ‘.बीएके’ आणि लॉग बॅकअपला ‘.टीआरएन’ असं शेपूट लावतात. सोप्या भाषेत सांगतो. ‘.बीएके’ म्हणजे अख्खी खातेवही. ‘.टीआरएन’ म्हणजे मागच्या लॉग बॅकअपनंतर त्या वहीत झालेले बदल, तेवढेच. नुसत्या बदलांवरून वही उभी राहत नाही.

गंमत म्हणजे काही ट्रान्सक्रिप्ट फायलींनाही, म्हणजे संभाषणाच्या लेखी नोंदींनाही, हेच शेपूट असतं. ओळखायचं कसं? फाइलची एक प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. सरळ वाचता येणारा मजकूर दिसला, तर ती साधी टेक्स्ट फाइल. वर्डमध्ये घ्या, काम झालं. अगम्य चिन्हं दिसली आणि सुरुवातीला ‘टेप’ किंवा ‘एमएसएसक्यूएलबॅक’ अशी इंग्रजी अक्षरं असली, तर तो डेटाबेसचा बॅकअप आहे. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

कन्व्हर्टरच्या नादी लागू नका

लॉग बॅकअपचं शेपूट बदलून ‘.एक्सएलएसएक्स’ केलं तरी आतली माहिती बदलत नाही. आणि अनोळखी वेबसाइटवर फाइल चढवणं म्हणजे गिऱ्हाइकांची नावं, नंबर, उधारी परक्याच्या हातात देणं.

योग्य रस्ता

1. जुन्या सर्व्हरचीच किंवा त्याहून नवी आवृत्ती बसवा. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्यावर चढत नाही. एक्सप्रेस आवृत्ती आणि मॅनेजमेंट स्टुडिओ दोन्ही मोफत मिळतात.
2. आधी ‘.बीएके’ रिस्टोर करा, पण ‘नोरिकव्हरी’ पर्याय निवडून. म्हणजे पुढच्या फायलींसाठी दार उघडं राहतं.
3. मग ‘.टीआरएन’ फायली तारखेच्या क्रमाने, त्याच पर्यायाने चढवा. मधली एक जरी नसेल, तरी पुढच्या सगळ्या अडतात.
4. शेवटची फाइल ‘रिकव्हरी’ पर्यायाने. आता डेटाबेस उघडतो.
5. हवं ते टेबल उघडून सीएसव्ही म्हणून सेव्ह करा आणि एक्सेलमध्ये घ्या. मराठी नावं विचित्र दिसली तर एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून फाइल आणताना यूटीएफ-8 निवडा.

हे स्वतः जमत नसेल तर जाणकाराला बोलवा, पण मूळ फायलींना हात लावू देऊ नका. काम कायम प्रतीवर.

ताईंचं काय झालं?

पूर्ण बॅकअप त्याच मेलेल्या डिस्कवर होता! नशीब एवढंच, की दिवाळीत त्यांनी सीएंना एक ‘.बीएके’ दिली होती. ती चढवली, मग एकेक लॉग. 12 जानेवारीपर्यंत गाडी सुरळीत आली आणि थांबली. 13 तारखेची फाइल नव्हती. मुलाने पेन ड्राइव्हवर गाणी भरायला जागा केली होती. पुढच्या फायली हाताशी असून उपयोग शून्य. तिथून पुढची उधारी ताईंनी बिलबुकं समोर ठेवून पुन्हा भरली. दहा रात्री गेल्या. ज्यांची बिलं सापडली नाहीत, ती उधारी बुडाली.

आजचा गृहपाठ

तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला तीन प्रश्न विचारा. पूर्ण बॅकअप कधी होतो? तो दुकानाबाहेर कुठे ठेवला जातो? आणि तो शेवटचा रिस्टोर करून कधी पाहिला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच समजा, आणि याच आठवड्यात दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा रिस्टोर करून बघा.

भेटू पुढच्या भागात. धंदा वाढवा, पण आधी वही जपा!