खाऱ्या पाण्याची टाकी गळू लागली तर

१६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे जर्मनीतील बर्लिन शहरात एका हॉटेलातले प्रचंड मत्स्यालय एकाएकी फुटले. सुमारे दहा लाख लिटर खारे पाणी हॉटेलातून थेट रस्त्यावर आले. आतले सुमारे १५०० मासे होते, ते बहुतेक सगळे मेले. त्याच इमारतीत खालच्या बाजूला लहान टाक्या होत्या. त्या फुटल्या नाहीत, पण वीज गेल्यामुळे त्यांतल्या माशांचाही जीव धोक्यात आला. असे शेकडो मासे मात्र दुसऱ्या टाक्यांत हलवून वाचवता आले. फुटणारी टाकी माणसाला वेळ देत नाही. गळणारी टाकी वेळ देते. त्या वेळाचा उपयोग कसा करावा, एवढेच आज सांगायचे आहे.

१९५१ साली मुंबईत चौपाटीच्या रस्त्यावर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. ते पाहून आलेल्या कितीतरी मुलांना आपल्याही शाळेत समुद्रातले जीव असावेत असे वाटले असेल. किनाऱ्यावरच्या शाळेत अशी टाकी ठेवणे फारसे अवघड नाही. काचेचे सांधे मात्र कालांतराने सैल होतात, आणि एखाद्या सकाळी टेबल ओले दिसते.

आता तुम्ही म्हणाल, पाणी तर उन्हाने आणि वाऱ्यानेही कमी होते. मग गळती ओळखायची कशी? युक्ती सोपी आहे. टाकीतलेच पाणी एका बादलीत घेऊन ती टाकीशेजारी ठेवा आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण करा. एका दिवसाने टाकीतली पातळी बादलीपेक्षा बरीच खाली गेली असेल तर टाकी गळते आहे असे समजावे. सांध्यावर मिठाचा पांढरा थर धरला असेल तर तोही सांधा कोरडा पुसून पाहावा. तिथे पुन्हा ओल आली की जागा सापडली.

हा फरक कळणे फार महत्त्वाचे आहे. पाणी वाफ होऊन जाते तेव्हा मीठ मागेच राहते. म्हणून ती तूट गोड्या पाण्याने भरायची असते. गळतीत मात्र पाण्याबरोबर मीठही जाते. तिथे रोज गोडे पाणी ओतत राहिलात तर टाकीचा खारेपणा हळूहळू उतरतो. काच शाबूत दिसते, पाणी काठोकाठ दिसते, आणि आतले जीव मात्र मरू लागतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि खेकडे, शंख, समुद्रफुले यांचे शरीर त्या प्रमाणालाच सरावलेले असते.

गळती सापडली की पहिले काम विजेचे. हात कोरडे असताना पंपाची जोडणी काढा. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून त्याआधी पाण्यात हात घालू नये. दुसरे काम पाणी वाचवण्याचे. गळू लागलेले पाणी वाया गेले असे समजून फेकू नका. तेच पाणी त्या जिवांचे घर आहे. स्वच्छ प्लॅस्टिकचे टब किंवा पिंपे घ्या. साबणाचा हात लागलेली भांडी नकोत, आणि तांब्यापितळेची तर मुळीच नकोत. तांब्याचा अंश शंख-खेकड्यांना विषासारखा बाधतो. नळी लावून टाकीच्या वरच्या भागातले स्वच्छ पाणी आधी काढून घ्या. १०० लिटर समुद्राच्या पाण्याचे वजन १०२ किलोंच्या वर भरते, तेव्हा पाण्यासकट टाकी उचलायचे धाडस करू नये.

मग दगड काढावेत आणि ते त्याच पाण्यात बुडवून ठेवावेत. दगडांवरची बुळबुळ घासून टाकू नका. तिथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात आणि माशांच्या मलमूत्रातून होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. दगड वाळले की हे जिवाणू मरतात, आणि टाकी दुरुस्त होऊनही मासे टिकत नाहीत. समुद्रफूल दगडाला चिकटले असेल तर दगडासकटच न्यावे. ते डंख करते, म्हणून त्याचा टब वेगळा. खेकडाही वेगळा, अडचणीच्या जागेत तो शेजाऱ्याला सोडत नाही. मासे शेवटी काढावेत, कारण दगड निघाल्यावर आणि पाणी उथळ झाल्यावर ते फार न पळवता हाती लागतात. तळाची वाळू अगदी अखेरीस. जुनी वाळू ढवळली की तिच्यातली घाण आणि विषारी वायू पाण्यात मिसळतो.

टबावर जाळी किंवा सैल झाकण हवे, नाहीतर घाबरलेला मासा उडी मारतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. म्हणून टब सावलीत ठेवावा आणि हवेचा पंप चालू ठेवावा. वीज नसेल तर मुलांनी आळीपाळीने तांब्याच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या भांड्याने पाणी वर उचलून ओतत राहावे. त्या दिवशी खाणे घालू नये.

दुरुस्ती घाईची नको. जुना सिलिकॉन खरवडून काढल्याशिवाय नवा नीट धरत नाही. बुरशीनाशक मिसळलेला सिलिकॉन वापरू नये. लेप पुरता वाळू द्यावा, मग दोन-तीन दिवस साधे पाणी भरून पाहावे. पाणी कमी पडले तर घरचे मीठ कालवून चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे इतरही क्षार असतात. किनारा जवळ असेल तर खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी पाणी आणावे. जीव परत सोडताना नव्या टाकीतले पाणी तासभर थोडेथोडे टबात मिसळावे, मग सोडावे.

दुरुस्ती जमणारच नसेल तर? जवळच्या खडकातून आणलेले आणि बाजारच्या माशांत कधी न मिसळलेले जीव जिथून आणले तिथेच सोडावेत. विकत आणलेले परमुलखातले मासे मात्र समुद्रात किंवा खाडीत सोडू नयेत. ते दुसऱ्या टाकीवाल्याकडे द्यावेत. शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना आपल्याकडे कायद्याचे संरक्षण आहे. ते गोळा करायचेच नाहीत.

आणि राहिलेले खारे पाणी परसातल्या झाडांना घालू नका. माशांना जे जीवन, ते तुळशीला मरण.