तार, चुंबक आणि प्रतिध्वनी

इलेक्ट्रिक गिटार हे एका वाद्याचे नाव मानले जात असले, तरी प्रत्यक्षात ती एक साखळी असते. तारेचे कंपन, त्या कंपनाचा विद्युतप्रवाह करणारे पिकअप, तो प्रवाह पुढे नेणारी वायर, वाटेत त्याचे रूप पालटणारी पायाखालची पेडल्स, त्याचे बळ वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला पुन्हा ध्वनीचे रूप देणारा स्पीकर अशा सहा कड्या जुळल्यावरच तिचा आवाज ऐकू येतो. यांपैकी मधल्या कड्यांना, म्हणजे पेडल्स आणि अ‍ॅम्प्लिफायरला, वाद्याइतकाच मान मिळाला तो 1970 च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा पंक रॉकच्या आक्रमक लाटेपाठोपाठ इंग्लंड-अमेरिकेत ‘न्यू वेव्ह’ म्हणून ओळखला जाणारा प्रवाह आला आणि गिटारवादकांनी वेगवान, लांबलचक एकल वादनाची हौस बाजूला ठेवून स्वराच्या पोताकडे लक्ष वळवले. या प्रवाहातील एक अग्रगण्य बँड, लंडनमध्ये 1977 साली स्थापन झालेला ‘द पोलिस’, 26 मार्च 1980 रोजी मुंबईत वाजवून गेला. त्यामुळे त्यांच्या सामग्रीची ओळख करून घेण्यास मराठी वाचकाला जवळचे निमित्तही आहे.

पिकअप समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बुऱ्हाणपूरसारख्या पॉवरलूमच्या गावात जळालेली मोटार उघडून तिच्यात तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरणारा रिवाइंडिंगवाला सर्वांच्या ओळखीचा असतो, आणि तो जे काम करतो त्याच कामाची अत्यंत नाजूक आवृत्ती म्हणजे गिटारचे पिकअप. छोट्या चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात आणि ही गुंडाळी गिटारच्या पोलादी तारांच्या अगदी खाली बसवलेली असते. मोटारीत विजेपासून गती निर्माण होते, तर येथे व्यवहार उलटा चालतो. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या हालचालीने गुंडाळीत वीज उत्पन्न होते. ती इतकी क्षीण असते की अ‍ॅम्प्लिफायरवाचून तिचा काहीही उपयोग नाही. मात्र हीच गुंडाळी आसपासच्या वीजवाहक तारांमधली गुणगुणही पकडते, आणि भारतात वीज सेकंदाला 50 आवर्तनांनी वाहत असल्यामुळे ती गुणगुण खर्जातल्या सलग घूंकारासारखी ऐकू येते. गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर याने 1955 साली दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडून हा दोष दूर केला, कारण अशा जोडणीत दोन्हींतली गुणगुण परस्परांना खोडून काढते आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो. या पिकअपला ‘हमबकर’ म्हणतात. त्याचा आवाज भरदार, किंचित गोलसर असतो, तर एकेरी गुंडाळीचा आवाज धारदार आणि उजळ असतो.

‘द पोलिस’चा गिटारवादक अँडी समर्स याच्या गिटारीत हे दोन्ही प्रकार एकत्र नांदत होते. ती फेंडर कंपनीची टेलिकास्टर जातीची, 1960 च्या दशकाच्या प्रारंभीची गिटार होती. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याने 1950 च्या सुमारास भरीव लाकडी फळीची, मान स्क्रूने जोडलेली आणि कोणताही भाग सुटा करून बदलता येईल अशी गिटार बाजारात आणली. पोकळ गिटार मोठ्या आवाजात स्पीकरच्या नादाने स्वतःच थरथरू लागते आणि शिट्टीसारखा चिरका आवाज करते, तो त्रास भरीव लाकडामुळे बराच कमी झाला. समर्सच्या हाती आलेली प्रत जुनी होती आणि तिच्यात आधीच्या मालकाने बरेच फेरफार केलेले होते. मानेजवळचे मूळ पिकअप काढून तेथे हमबकर बसवले होते आणि लाकूड कोरून आत आवाजाचे बळ वाढवणारे छोटे सर्किट भरले होते. ही गिटार समर्सने 1970 च्या दशकात अमेरिकेत अवघ्या 200 डॉलरला विकत घेतली. रंग उडालेल्या या दुरुस्त्यांच्या गिटारीची हुबेहूब प्रतिकृती पुढे खुद्द फेंडर कंपनीनेच काढली, यावरून तिची योग्यता लक्षात यावी.

तथापि ‘द पोलिस’च्या ध्वनीचे मर्म गिटारपेक्षाही प्रतिध्वनीच्या यंत्रात होते. बुऱ्हाणपूरजवळच्या कुंडी भंडाऱ्यात, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी खोदलेल्या आणि भुयाराने परस्परांशी जोडलेल्या त्या कुंड्यांच्या मालिकेत, सुमारे 80 फूट खोल कुंडीच्या तोंडाशी उभे राहून हाक मारली अशी कल्पना केली, तर ध्वनीच्या वेगाचा हिशेब असे सांगतो की हाक तळाशी जाऊन परत यायला सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा लागेल. संगीतात मात्र प्रतिध्वनी असा विहिरीच्या मर्जीवर सोडून भागत नाही, तो लयीत बसावा लागतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत नेमक्या एका मात्रेने उशिरा येणारा प्रतिध्वनी हवा असेल तर विहीर 280 फूट खोल लागेल, आणि लय बदलली की तिची खोलीही बदलावी लागेल.

ही अडचण ‘एकोप्लेक्स’ या यंत्राने सोडवली. ते 1959 पासून विकले जाऊ लागले होते आणि समर्स ते आवर्जून वापरत असे. त्यात ध्वनिमुद्रणाच्या फितीचा एक बंद फेरा अखंड फिरत असतो. एक हेड गिटारचा स्वर फितीवर नोंदवते आणि थोड्या अंतरावरचे दुसरे हेड तो क्षणभराने पुन्हा ऐकवते. या दोन हेडांमधले अंतर एका सरकत्या दांड्याने कमीजास्त करता येते, म्हणजे वादक विहिरीची खोलीच हाताने बदलत असतो. ऐकवलेला स्वर पुन्हा फितीवर सोडला की प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी तयार होतो, आणि प्रत्येक फेरीत फितीवर पुन्हा नोंदला जाताना तो थोडा मवाळ व धूसर होत विरत जातो. नंतरच्या डिजिटल यंत्रांनी काटेकोरपणा आणला, पण हा मवाळपणा साधण्यासाठी त्यांना पुन्हा फितीचीच नक्कल करावी लागली. अनेक वादक आजही त्या जुन्या यंत्रांना जीव लावतात, त्यामागे केवळ स्मरणरंजन नसून ऐकू येणारे ठोस कारण आहे.

साखळीतील दुसरे महत्त्वाचे पेडल होते इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे ‘इलेक्ट्रिक मिस्ट्रेस’. ते ‘फ्लँजर’ या वर्गात मोडते. यात स्वराची एक प्रत सेकंदाच्या काही सहस्रांश इतक्या अल्प काळाने मागे ठेवून मूळ स्वरात मिसळली जाते आणि तो अवधी सतत हळूहळू बदलत ठेवला जातो, त्यामुळे स्वरावरून पाण्याची लहर गेल्यासारखे वाटते. हा विलंब करणारी चिप, आग विझवताना माणसांची रांग बादल्या हातोहात पुढे देते त्या रीतीने, विद्युतभाराचे छोटे छोटे साठे एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ढकलत नेते. विलंब थोडा वाढवला की ‘कोरस’ हा परिणाम मिळतो. वारीच्या दिंडीत शंभर टाळकरी एकच अभंग म्हणतात तेव्हा कोणाचाही सूर आणि वेळ दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि त्या सूक्ष्म फरकातूनच समूहस्वराला भरीवपणा येतो. कोरसचे यंत्र एकाच गिटारीपासून असा आभास उभा करते. रोलँड कंपनीच्या 1975 सालच्या जेसी-120 या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन स्पीकर असून एकातून मूळ स्वर आणि दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा स्वर येतो, त्यामुळे दोन्हींचे मिश्रण खोलीतल्या हवेत होते. न्यू वेव्हच्या वादकांमध्ये हा अ‍ॅम्प्लिफायर फार लोकप्रिय झाला. समर्सनेही तो वापरला आणि ‘द क्युअर’ या बँडच्या रॉबर्ट स्मिथनेही.

या सर्व यंत्रांमागे एक सांगीतिक विचार होता, आणि तो ध्यानात घेतला नाही तर सामग्रीची यादी निरर्थक ठरते. ‘द पोलिस’मध्ये गिटार, बास आणि ड्रम्स एवढेच वादक होते. बास वाजवणारा स्टिंगच गाणेही म्हणत असे. जमैकातील रेगे संगीत आणि त्यातून निघालेली ‘डब’ ही ध्वनिमिश्रणाची पद्धत यांच्यापासून त्यांनी एक गोष्ट घेतली होती, ती म्हणजे दोन आघातांमधली मोकळी जागा जपणे. समर्स जाझच्या तालमीत वाढला होता. तो एक रुंद, अनिर्णित वाटणारी कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडलेला स्वरसमूह, एकदाच वाजवून थांबे आणि पुढचे काम प्रतिध्वनी करी. ड्रमवादक स्ट्युअर्ट कोपलँड आपल्या वाद्यांचा आवाजही विलंबयंत्रातून सोडत असे, त्यामुळे एका टोल्यामागे लयीत बसलेले अनेक टोले उमटत. कमी वाजवण्याचा हा संयम त्या काळच्या इतर बँडमध्येही दिसतो. ‘द बी-52ज’चा रिकी विल्सन तर गिटारच्या मधल्या तारा काढून टाकून उरलेल्या तारा आपल्या पद्धतीने लावत असे.

‘द पोलिस’चा तो मुंबईचा कार्यक्रम ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या शहरातील जुन्या सेवाभावी संस्थेने मदतनिधीसाठी आयोजित केला होता. ज्या देशात परदेशी वाद्ये आयात करणे महागडे आणि किचकट होते तेथे ही सामग्री जवळून पाहायला मिळणे हीच मोठी गोष्ट होती. त्या काळातील भारतीय रॉकवादकांना कोलकात्यात बनणाऱ्या गिव्हसनसारख्या देशी गिटारींवर आणि ओळखीतल्या कोणी परदेशातून आणलेल्या एखाद्या पेडलवर भागवावे लागे. मुंबईत 1984 साली ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला, जो पुढे ‘इंडस क्रीड’ झाला आणि ज्यात महेश तिनईकर गिटार वाजवत, तोही याच टंचाईच्या दिवसांत.

विजेच्या तारवाद्याचे वेड मात्र या भूमीला नवे नव्हते. बुऱ्हाणपूरच्या शेजारच्या खंडव्यात जन्मलेल्या किशोरकुमारने ज्या हिंदी चित्रपटसंगीतात नाव काढले, त्याच संगीतात 1971 सालच्या ‘दम मारो दम’साठी भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली इलेक्ट्रिक गिटार गावोगावच्या रेडिओवर पोचली होती. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांनी तर जपानी ताइशोगोतोपासून आलेल्या बुलबुलतरंगाला, म्हणजेच त्यांच्या बेंजोला, पिकअप लावून गणपतीच्या मिरवणुकीत आणले. रचनेचे तत्त्व पाहिले तर बेंजो आणि टेलिकास्टर ही एकाच कुळातली वाद्ये आहेत, आणि बेंजोच्या या विद्युतीकरणाचा इतिहास कोणीतरी आस्थेने लिहायला हवा.

आज हे सारे परिणाम एका लहानशा डिजिटल पेडलमध्ये किंवा मोबाइलमध्ये मिळतात, त्यामुळे जिल्ह्याच्या गावातल्या होतकरू वादकालाही सामग्रीची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अशा वादकाने ‘द पोलिस’चे 1979 सालचे ‘वॉकिंग ऑन द मून’ हे गाणे हेडफोन लावून एकदा केवळ गिटारसाठी आणि एकदा केवळ ड्रम्ससाठी ऐकावे, आणि प्रत्येक वेळी हाताने किती आघात केले व यंत्राने किती परत दिले ते मोजावे.